जागतिक अर्थव्यवस्था इतकी बदलत असताना इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला आपल्या हातात काही आहे असं कसं वाटावं?

तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वर्षाला आहात आणि नोकरकपात, व्हिसा, एआय यांच्या बातम्या वाचून आपण नुसतं प्यादं आहोत असं वाटतं. काही बाबतीत आहातच. व्याजदर किती वाढणार, कुठला कारखाना कुठे हलणार, हे तुम्हाला विचारून ठरत नाही. म्हणूनच 'तुम्ही जग बदलू शकता' छापाच्या भाषणाने चढलेलं वारं दोन दिवसांत उतरतं.

'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, हे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं. स्वतः करून जमणं, दुसऱ्याला जमताना पाहणं, कोणीतरी धीर देणं आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात सगळ्यांत पक्कं पहिलं. भाषणं तिसऱ्यात मोडतात.

मी विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट बघतो. त्यातला एक नेहमीचा प्रकार : मोटर सुरू केली की बोर्ड रीसेट होतो. मुलं आधी कोड बदलतात, मग बोर्डच बदलतात. शेवटी कोणीतरी सप्लायवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं उपकरण) लावतं, तेव्हा दिसतं की मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, क्षणभर व्होल्टेज पडतं आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डवरची कोड चालवणारी चिप, रीसेट होतो. मोटरला वेगळा सप्लाय दिला की काम झालं. ज्याने हे शोधलं त्याचं बोलणंच बदलतं. आधी 'सर, चालत नाहीये' म्हणत येणारा आता 'सर, इथे व्होल्टेज पडतंय' म्हणत येतो.

याचा अर्थव्यवस्थेशी काय संबंध? २०२१ ची चिप टंचाई आठवा. बड्या कार कंपन्यांना उत्पादन थांबवावं लागलं, तिथे प्रोजेक्टवाल्यांना कोण विचारतो! एकाच चिपला कोड चिकटवून बसलेले अडकले. ज्यांनी कोडमधला हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा ठेवला होता आणि ज्यांना डेटाशीट (चिपचं तांत्रिक माहितीपत्रक) वाचायची सवय होती, त्यांना मिळेल त्या चिपवर काम हलवणं सोपं गेलं. टंचाई त्यांच्याही हातात नव्हतीच.

परदेशाचा विचार असेल तर तुमचा कोर्स वॉशिंग्टन ॲकॉर्डखाली मान्यताप्राप्त आहे का, ते आत्ताच बघा. १९८९ च्या या करारानुसार सदस्य देशांत अशा पदव्या समकक्ष धरतात. व्हिसा किंवा व्यवसायाचा परवाना मात्र त्याने आपोआप मिळत नाही.

आणि एआय? कोड त्याच्याकडून खुशाल लिहून घ्या. फक्त त्या कोडची चाचणी स्वतः लिहा, तीही कोड मागण्याआधी. नंतर लिहायला बसलात की समोरचा कोड पास व्हावा अशीच ती लिहिली जाते.