वाचकांचे प्रश्न : थांबलेली चित्रे आणि जुने खेळ

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका आणि जुने व्हिडिओ गेम यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मी या क्षेत्रात व्यवसाय करत नाही. अनेक वर्षे आवडीने पाहणारा आणि खेळणारा आहे, त्यामुळे जेथे मत मांडले आहे तेथे ते एका हौशी माणसाचे मत म्हणून वाचावे.

प्रश्न : लहानपणी ज्या व्हिडिओ गेमपुढे मला तहानभूक आठवत नसे, तो पंचवीस वर्षांनी पुन्हा खेळून पाहिला. चित्रे ठोकळेबाज वाटली, उड्या चुकू लागल्या आणि अर्ध्या तासात मी तो बंद केला. माझी आठवणच खोटी होती का?

आपली आठवण खोटी नाही, कारण आपण तेव्हा पाहिलेले चित्र खरोखरच वेगळे होते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश शेजारच्या ठिपक्यात थोडा मिसळत असे, त्यामुळे कडा मऊ दिसत. त्या काळी चित्र काढणाऱ्यांपैकी अनेकांना हे नीट ठाऊक होते. दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडले की पडद्यावर तिसऱ्या रंगाचा भास होतो, या युक्तीचा ते उपयोग करत. आजचा सपाट पडदा तेच ठिपके धारदार चौकोनांसारखे दाखवतो आणि जे मिसळण्यासाठी रंगवले होते ते सुटे पडते.

उड्या चुकण्याचेही कारण बहुधा आपल्या वयात नसून पडद्यात आहे. आजचा टीव्ही आलेल्या चित्रावर प्रक्रिया करून मगच ते दाखवतो, आणि सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणाऱ्या खेळात एवढासा उशीरही बोटांना जाणवतो. टीव्हीमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो सुरू करून पाहावा, फरक पडतो. पडद्यावर नेम धरण्याच्या बंदुकीचे खेळ मात्र या उपायानेही चालणार नाहीत. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटत असे आणि बंदुकीतील संवेदक तो प्रकाश टिपत असे. हे सारे गणित पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बसवलेले होते.

तरीही मला वाटते की अर्धा तास ही अशा खेळाला दिलेली पुरेशी संधी नव्हे. १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. त्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हा एकच आकार आहे, केवळ रंग बदललेला. खेळाचा नायक मारिओ याला मिशा आहेत त्या १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळापासून, कारण एवढ्या थोड्या ठिपक्यांत नाक आणि तोंड वेगळे दाखवणे कठीण होते, टोपी आहे ती केस रंगवण्याची अडचण टाळण्यासाठी. संगीतासाठी हा खेळ चालवणाऱ्या यंत्रात पाचच ध्वनिवाहिन्या होत्या आणि खेळातले आवाजही त्यांतूनच काढावे लागत. नीट ऐकले तर एखादी वस्तू मिळाल्याचा आवाज येताना धूनेतला एखादा सूर क्षणभर लोपलेला जाणवतो. इतक्या अपुऱ्या साधनांनी एक माणूस, एक राज्य आणि एक प्रवास उभा करायचा, तर उरलेले काम खेळणाऱ्याच्या मनाला करावे लागते, आणि लहानपणी आपण ते न सांगता करत होतो. आता ते जाणीवपूर्वक करावे लागेल एवढाच फरक आहे. एकच टप्पा सलग आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ खेळून पाहावा. हे खेळ लांबीने लहान आणि खेळायला अवघड असत, ते पुन:पुन्हा हरून हाताला वळण लागावे म्हणूनच रचलेले होते, आणि ते वळण अर्ध्या तासात लागत नाही.

प्रश्न : मुलीच्या आग्रहाने अ‍ॅनिमे पाहायला बसलो, परंतु पात्रे बोलताना फक्त ओठ हलतात आणि बाकी चित्र पुतळ्यासारखे उभे असते. इतक्या नावाजलेल्या कलेत ही कसर का राहू दिली जाते?

हा प्रश्न मला फार आवडला, कारण ‘कसर’ हा शब्द आपण दोष या अर्थाने वापरला असला तरी त्याचा काटकसर हा दुसरा अर्थच येथे मुळाशी आहे.

१ जानेवारी १९६३ रोजी चित्रकथाकार ओसामू तेझुका यांच्या संस्थेने ‘तेत्सुवान आतोम’, म्हणजे जगाला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने माहीत असलेली मालिका, जपानी दूरचित्रवाणीवर सुरू केली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता. चित्रफितीत सेकंदाला २४ चौकटी असतात. तेवढ्या सगळ्या चौकटींसाठी किंवा निदान त्यांच्या निम्म्यांसाठी नवी चित्रे काढणे ही त्या काळच्या मोठ्या चित्रपटांची रीत होती. तेझुकांच्या मंडळींनी एक चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवले, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रे. शिवाय चेहरा स्थिर ठेवून केवळ ओठ हलवणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवणे, आणि उड्डाणासारख्या वारंवार लागणाऱ्या हालचाली जपून ठेवून पुन्हा वापरणे हे उपाय त्यांनी योजले. या शेवटच्या उपायाला तेथे ‘बँक’ असेच म्हणतात. मालिका १९३ भाग चालली. कमी मोबदल्यात काम स्वीकारण्याची जी सवय तेव्हा लागली ती पुढे साऱ्या व्यवसायाला भोवली, असा आक्षेप तेझुकांवर घेतला जातो, आणि तो मला रास्त वाटतो. पडद्यावरच्या सौंदर्याने त्या कलावंतांच्या कष्टांची भरपाई होत नाही.

परंतु पुढे एक गोष्ट घडली ती अशी की ज्यांना स्थिर चित्रावर निभावून न्यावे लागले त्यांच्यातूनच स्थिर चित्राने बोलणारे दिग्दर्शक तयार झाले. १९९५ साली सुरू झालेल्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’च्या चोविसाव्या भागात सुमारे एक मिनिट पडद्यावर एकच चित्र थांबलेले आहे आणि मागे बीथोव्हेनची नववी सिंफनी चालू आहे. पाहणाऱ्याला त्या मिनिटात काय घडणार हे कळलेले असते, ते घडू नये असे वाटत असते, आणि दिग्दर्शक हिदेआकी आन्नो त्याला तेथेच रोखून धरतात. तेथे हालचाल असती तर ती आपल्याला सुटका वाटली असती. जपानी भाषेत दोन गोष्टींमधल्या अशा रिकाम्या अवकाशाला ‘मा’ म्हणतात. अ‍ॅनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी २००२ साली समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी बोलताना टाळ्या वाजवून दाखवल्या आणि त्या टाळ्यांमधला वेळ म्हणजे ‘मा’ असे सांगितले. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अर्थात प्रत्येक स्थिर चित्रामागे एवढा विचार असतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळ मालिकांमध्ये ती केवळ वेळेची आणि पैशांची ओढाताण असते. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी मी कान वापरतो. चित्र थांबलेले असताना वारा, पाणी, दूरची आगगाडी, पावलांचा आवाज असे काही ऐकू येत असेल, किंवा शांतता मुद्दाम राखलेली असेल, तर ते थांबणे कोणीतरी ठरवलेले आहे. त्याच वेळी एखादे पात्र आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा सविस्तर सांगत असेल, तर ती भर घातलेली आहे असे समजावे. मुलीबरोबर पुढचा भाग पाहताना हा प्रयोग करून पाहावा. तिलाही तो आवडेल असे वाटते.

प्रश्न : माझे वय साठीकडे झुकले आहे. मारामारी आणि आरडाओरडा नको आहे. सुरुवात कोठून करावी, आणि मूळ जपानी आवाजात पाहावे की भाषांतरित आवाजात?

आपण ‘मुशिशी’पासून सुरुवात करावी. २००५ साली आलेल्या या मालिकेचे २६ भाग आहेत आणि जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्र कथा आहे, त्यामुळे मागचे लक्षात ठेवण्याचा भार नाही. गिंको नावाचा एक फिरस्ता गावोगाव जातो आणि ‘मुशी’ नावाच्या, प्राणी किंवा वनस्पती होण्याच्याही आधीच्या अवस्थेतील जीवांमुळे माणसांना झालेल्या त्रासावर इलाज शोधतो. त्यात खलनायक नाही. मुशी वाईट नसतात, ते फक्त जगत असतात, आणि कित्येकदा गिंकोचा इलाज अपुरा पडतो. रोज एक भाग पाहावा, एका बैठकीत पाच पाहू नयेत. त्यानंतर ‘फ्यूचर बॉय कोनान’ पाहावी; मियाझाकी यांनी १९७८ साली दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका आहे, आणि धावणे, उडी मारणे, भूक लागणे या साध्या गोष्टींत तेवढा आनंद मी दुसरीकडे क्वचित पाहिला आहे.

आवाजांबद्दल माझे मत मूळ जपानीच्या बाजूने आहे, पण हट्ट नाही. मूळ आवाज ‘शुद्ध’ आणि भाषांतरित आवाज ‘नकली’ हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण जपानमध्येही आवाज सहसा चित्रे काढून झाल्यावर, ती पाहत पाहतच मुद्रित केले जातात. माझे कारण निराळे आहे. जपानी पात्रे ‘मी’ म्हणण्यासाठी ‘वाताशी’, ‘बोकू’, ‘ओरे’ असे वेगवेगळे शब्द वापरतात आणि त्यांवरून माणसाचा स्वभाव व समोरच्याशी असलेले अंतर कळते. इंग्रजी उपशीर्षकांत हे सगळे एकाच शब्दात विरघळते. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक जगणाऱ्या मराठी माणसाला मात्र ते दोन-चार भागांत कानांनी पकडता येते. डोळ्यांना वाचन जड जात असेल तर नि:संकोच भाषांतरित आवाज निवडावा.

प्रश्न : ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या एकाच कथेच्या दोन मालिका आहेत. कोणती पाहावी?

पहिली २००३ ची, ५१ भागांची. दुसरी २००९ ची, ६४ भागांची. पहिली सुरू झाली तेव्हा हिरोमू आराकावा यांची मूळ चित्रकथा पूर्ण झालेली नव्हती, म्हणून ती मध्यावर स्वत:च्या वाटेने गेली. दुसरी मूळ कथेबरोबर शेवटपर्यंत जाते. एकच पाहायची असेल तर दुसरी पाहावी. दोन्ही पाहण्याइतका वेळ असेल तर पहिली आधी पाहावी, कारण दुसरी मालिका सुरुवातीचे प्रसंग घाईने आटोपते, आणि त्या प्रसंगांतले दु:ख पहिल्या मालिकेत जेवढे सावकाश उलगडते तेवढे त्यात उलगडत नाही.

प्रश्न : माळ्यावर व्हिडिओ गेमचे जुने कार्ट्रिज (यंत्रात बसवायची खेळाची डबी) आणि एक वही सापडली. कार्ट्रिजमध्ये जपून ठेवलेला खेळ नाहीसा झाला आहे. वहीत मोठ्या भावाच्या अक्षरात इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांच्या ओळी आहेत, काही पानांवर ठिपके भरलेले चौकोन आहेत. यांचा काही उपयोग आहे का?

कार्ट्रिजमधला खेळ गेला त्याचे कारण बहुधा आतली बॅटरी. खेळाची नोंद ज्या स्मृतीत राहते तिला सतत थोडा वीजपुरवठा लागतो आणि तो नाण्याएवढ्या लिथियम बॅटरीतून होत असे. ती संपली की नोंद पुसली जाते आणि परत मिळत नाही. बॅटरी बदलून घेतली तर पुढचे खेळ जपता येतील, मात्र ती डाख देऊन बसवलेली असते, म्हणून जाणकाराकडूनच बदलून घ्यावी. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नये. आपण सर्वांनी ती मारली आहे, पण फुंकरीतल्या ओलाव्याने धातूचे संपर्क गंजतात. खेळ सुरू होत असे तो कार्ट्रिज काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. संपर्क पुसण्यासाठी कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे.

वही मात्र अजिबात टाकू नये. त्या ओळी पासवर्ड आहेत, पण आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो तशा त्या किल्ल्या नव्हेत. कोणती हत्यारे मिळाली, कोणते दरवाजे उघडले, कोण हरले, ही सगळी स्थितीच त्या अक्षरांत बांधलेली असते. ‘मेट्रॉइड’चा पासवर्ड २४ अक्षरांचा होता, ‘मेगा मॅन २’मध्ये पाच बाय पाचच्या चौकटीत ठिपके भरावे लागत, आपल्या वहीतले चौकोन बहुधा त्याचेच असतील. जपानमध्ये १९८७ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ साठी मुले ५२ पर्यंत अक्षरे उतरवून घेत, आणि एकसारखी दिसणारी दोन अक्षरे लिहिताना अदलाबदल झाली की खेळ ती ओळ नाकारत असे, कारण अक्षरे परस्परांशी जुळतात की नाही हे तपासण्याची सोय त्यातच केलेली होती.

याचा अर्थ असा की त्या ओळींना बॅटरीची गरज नाही. वहीतले शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांच्याकडे नीट पाहून, शक्य असल्यास भावाला विचारून, एक ओळ खेळात भरून पाहावी. ओळ बिनचूक उतरवलेली असेल तर ज्या संध्याकाळी त्यांनी खेळ थांबवला होता, त्याच वेळची हत्यारे आणि तेच उघडे दरवाजे घेऊन तो पुन्हा सुरू होईल. माझी विनंती आहे की ती ओळ आपण एकट्याने भरू नये, कंट्रोलर त्यांच्या हाती द्यावा.