विमान शिवारात पडलं तर गावानं काय करायचं?

प्रश्न : 4 जून 2024 ला आमच्या निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात हवाई दलाचं सुखोई लढाऊ विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक पॅराशूटनं उतरले म्हणून वाचले. 2018 च्या जूनमध्ये वावी-ठुशीलाही असंच झालं होतं. आमची द्राक्षबाग ओझरच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानांच्या वाटेखालीच येते. मिस्टर म्हणतात, असं काही झालं तर मोटार चालू करायची, पाण्याची नळी घ्यायची आणि धावायचं. मला मात्र धास्ती वाटते. नेमकं काय करावं?
– एक वाचक भगिनी, ता. निफाड

उत्तर : ताई, धावून जाण्याची तुमच्या मिस्टरांची वृत्ती सोन्यासारखी आहे. फक्त नळी घरी ठेवायला सांगा. विमानाचं इंधन रॉकेलच्या जातीचं. ते पाण्यावर तरंगतं, आणि पाण्याच्या लोटाबरोबर आग बांधाखाली, शेजारच्या बागेत उतरते. म्हणून आम्ही अग्निशमनवाले फोम वापरतो. इंधनावर त्याची साय धरते, हवा तुटते, आग बसते.

हवाई दलाच्या अग्निशमन विभागात माझी बावीस वर्षं गेली. तळावर उड्डाणं चालू असेपर्यंत क्रॅश टेंडरवरची, म्हणजे विमानाची आग विझवणाऱ्या गाडीवरची, माणसं तयारीतच बसलेली असतात. टॉवरवरून घंटा झाली की गाडी निघालीच. नागरी विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय दंडक तीन मिनिटांचा आहे, आम्हाला तीन मिनिटंही फार वाटायची. पण हे सगळं धावपट्टीवर. विमान शिवारात पडलं की आमची वाट तुमच्या गावातून जाते.

एकदा अशाच एका अपघाताला आम्ही निघालो. तळाचं नाव इथे लिहीत नाही. गाडीवाटेवर बघ्यांच्या मोटारसायकली आडव्या-तिडव्या लावलेल्या. शेवटचं अंतर आम्ही ढेकळांतून पळत, नळ्या ओढत कापलं. वैमानिक बाहेर पडलेला होता. दोन पोरांनी त्याला काखेत हात घालून उठवलं होतं, बांधावर बसवलं होतं, तोंडाला तांब्या लावला होता. किती मायेनं केलं होतं त्यांनी! आणि त्याच्या पाठीचा मणका दबलेला होता. तो बरा झाला, पुढे भेटलाही. पण बांधावर पांढराफटक पडलेला त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

संकटात वैमानिक बसल्या खुर्चीसकट विमानाबाहेर उडतो, तेव्हा शरीरावर वजनाच्या दहा पटींहून जास्त दाब येतो, आणि तो सगळा कण्यावर. म्हणून वैमानिक सापडला तर आहे तसा पडू द्या. उठवू नका, हेल्मेट काढू नका, पाणी पाजू नका. वारा असेल तर पॅराशूटचं कापड गोळा करून दाबून धरा, नाहीतर ते त्याला फरफटत नेतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबा. सावली धरा. शुद्धीत असेल तर बोलत राहा. मराठी कळली नाही तरी माणसाचा आवाज त्याला धीर देतो. सुखोईत दोघं असतात, तेव्हा एक सापडला की दुसऱ्यासाठी आजूबाजूची शेतंही बघा.

विमानाजवळ मात्र कुणीही जाऊ नये. एखादी खुर्ची आतच राहिली असेल तर तिच्याखाली ती उडवणारी दारू भरलेली असते, आणि खुर्ची उडवायच्या मुठीला नुसता हिसका पुरतो. जळत्या सांगाड्यातून कार्बनचे बारीक तंतू उडतात, ते छातीत जातात. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, धूर तुमच्यापासून लांब जायला हवा. पोराबाळांना एकही तुकडा उचलू देऊ नका. अपघात का झाला याचा शोध त्या तुकड्यांवरूनच लागतो.

आणि 112 ला फोन करा. गट नंबर, जवळचं देऊळ, कुठल्या रस्त्यानं मोठी गाडी येईल, एवढं सांगा. मिस्टरांना धावायचंच आहे ना? त्यांनी फाट्यावर उभं राहावं आणि वाट मोकळी ठेवावी. त्या घडीला याहून मोठं काम गावात दुसरं नसतं.

प्रश्न : मुलगा हवाई दलात टेक्निशियन आहे. सुट्टीवर आला की टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो. विचारलं तर हसतो. काळजीचं आहे का?
– एक वडील, सातारा

उत्तर : दादा, आहे. चालू इंजिनाजवळ आवाज 120 डेसिबलच्या वर जातो. आठ तासांच्या कामाला 85 ची मर्यादा धरतात, यावरून अंदाज घ्या. कानात इअरप्लग आणि वरून कान झाकणारे इअरमफ, दोन्ही हवेत. गडबडीत पोरं एकच घालतात, मीही तरुणपणी तेच केलं. माझ्या डाव्या कानात रात्री रातकिडे ओरडतात. ते आता थांबायचे नाहीत, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. त्याला सांगा, तळावरच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे, आणि कानात शिट्टी वाजते का ते लपवू नकोस. कामावरून काढतील या भीतीनं मुलं गप्प बसतात. तुम्ही बाप म्हणून शेजारी बसून विचारा, तो सांगेल.