राजीनामा दिला, पण सासूबाईंच्या विम्याचं काय?

नेहा (नाव बदललं आहे) माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा राजीनामा देऊन तिला १८ दिवस झाले होते. हिंजवडीतली आयटी कंपनी, ११ वर्षांची नोकरी, शेवटची दोन वर्षं रात्री-अपरात्रीचे कॉल. छातीत धडधड व्हायची, झोप उडाली होती. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं की हे हृदयाचं दुखणं नाही, ताणाचं आहे. नवऱ्याशी बोलून, घरखर्चाचा हिशेब मांडून तिने वर्षभर थांबायचं ठरवलं होतं. तरीही खुर्चीत बसताच ती म्हणाली, "मॅडम, मी राजीनामा मागे घेतेय."

मला वाटलं, अपराधीपणा असेल. कमावत्या बाईने थांबायचं म्हटलं की तो येतोच. अर्धा तास आम्ही त्याच वाटेने गेलो आणि कुठेच पोचलो नाही. मग तिने पिशवीतून एक जाडजूड फाइल काढली. सासूबाईंची. वय ७१, मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. बिल पावणेचार लाखांचं, कॅशलेस झालेलं. "माझ्या कंपनीच्या विम्याचं कार्ड होतं म्हणून निभावलं. आता त्यांना कोण विमा देणार? त्यांना काही झालं तर घरातले सगळे म्हणतील, हिने नोकरी सोडली म्हणून झालं." एचआरकडून तिला एका ओळीचं उत्तर आलं होतं: शेवटच्या दिवशी कव्हर संपेल.

ते उत्तर खरंच होतं, पण अर्धवट होतं. आणि त्या अर्धवट उत्तरापायी ती आजारी पाडणाऱ्या नोकरीत परत जायला निघाली होती.

काही वर्षांपूर्वी नोकरी गेलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत होते. तीन महिने आम्ही त्यांच्या मनातल्या लाजेवर आणि नव्या मुलाखतींवर बोललो. घरच्यांच्या विम्याचं काय झालं, हे मी एकदाही विचारलं नाही. त्यांनी नवी पॉलिसी घेतली तेव्हा मध्ये खंड पडलेला होता. बायकोच्या जुन्या दुखण्यासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात आधीपासूनच्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो काळ, पहिल्यापासून सुरू झाला. ती चूक माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी विचारते, कंपनीच्या विम्यावर घरातलं कोण कोण आहे?

नेहाला मी सांगितलं ते असं. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतल्या, म्हणजे कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या विम्यातल्या, कर्मचाऱ्याला आणि त्यात नाव असलेल्या कुटुंबीयांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. लोक याला पोर्टेबिलिटी समजतात, पण पोर्टेबिलिटी म्हणजे दुसऱ्या विमा कंपनीकडे जाणं. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याने आधी मायग्रेशन करायचं, पोर्टिंगचा विचार पुढच्या नूतनीकरणाला. याचा मोठा फायदा म्हणजे ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वाया जात नाहीत. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा ठेवता येतो. सासूबाई चार वर्षं तिच्या पॉलिसीत होत्या, म्हणजे त्यांचा हा काळ भरलेलाच होता. मात्र भरलेल्या काळाचा हा फायदा विम्याच्या जुन्या रकमेपुरताच मिळतो. ग्रुपमध्ये ५ लाख होते आणि आता १० लाख घेतले, तर वरच्या ५ लाखांसाठी मोजणी नव्याने सुरू होते.

तिचा चेहरा जरा सैल झाला, म्हणून नावडता भागही तेव्हाच सांगितला. विमा कंपनी प्रकृतीची माहिती मागते, हप्ता वाढवू शकते, अटी घालू शकते. हप्ता वयानुसार असतो आणि आता तो पूर्ण आपल्या खिशातून जाणार. ग्रुप पॉलिसीतल्या काही सवलती, उदाहरणार्थ पहिल्या दिवसापासून बाळंतपणाचा खर्च, वैयक्तिक पॉलिसीत बहुधा नसतात. आणि अर्जात मधुमेह, अँजिओप्लास्टी, चालू गोळ्या, सगळं लिहायचं. "एजंट म्हणाला, लिहू नका," असं मला लोक सांगतात तेव्हा मला फार राग येतो. लपवलेला आजार नेमका क्लेमच्या वेळी बाहेर येतो, आणि तेव्हा तो एजंट दवाखान्याच्या काउंटरवर तुमच्यासोबत उभा नसतो.

तिच्याकडे नोटीस पिरियडचे ४२ दिवस होते. त्याच संध्याकाळी तिने एचआरला मेल केला: ग्रुप पॉलिसीचा क्रमांक, सर्वांची नावं आणि ती कधीपासून समाविष्ट आहेत याचं प्रमाणपत्र, जुन्या क्लेमचा तपशील. फोनवर विचारू नका, लेखी मागा, एवढा आग्रह मी धरला. अर्जाची मुदत पॉलिसीत पाहावी लागते, पण नोकरीत असतानाच अर्ज गेलेला बरा. एकदा ऑफिसचा मेल बंद झाला की साध्या कागदासाठीही चार दारं ठोठावावी लागतात.

सगळं मनासारखं झालं नाही. नेहा, नवरा आणि मुलगी सहज घेतले गेले. सासूबाईंना ५ लाखांचं कव्हर मिळालं, पण २० टक्के को-पेसह, म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा घरातून. ती निराश झाली. अशा वेळी विमा कंपनीकडे लेखी कारण मागता येतं, तिच्या तक्रार विभागाकडे जाता येतं, आणि तिथे समाधान झालं नाही तर ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे. त्याचं कार्यालय पुण्यातही आहे. तिने आधी पॉलिसी स्वीकारली, म्हणजे खंड पडणार नाही. मग मी तिला सासूबाईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायला सांगितलं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत या सरकारी योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात; घरात असे दोघं असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. खासगी विमा असला तरी चालतं. आधार कार्ड घेऊन नवराच गेला आणि काढून आला.

हे इथे मुद्दाम लिहिते. घरातल्या कुणाला काय आजार आहे, कुठलं कार्ड कुठे आहे, हे फक्त नेहाला ठाऊक होतं. सगळ्यांच्या आजारपणाची काळजी एकटीने वाहायची आणि वर बोलही आपल्यालाच लागेल म्हणून घाबरायचं. मी तिला म्हटलं, विम्याच्या कागदांची फाइल यापुढे नवऱ्याकडे राहू द्या. त्यावर ती बराच वेळ गप्प होती.

शेवटच्या दिवसानंतर तीन आठवड्यांनी ती आली. नवी पॉलिसी सुरू झाली होती, कागद नवऱ्याच्या कपाटात होते. त्या तासात विम्याचा विषय निघाला नाही. ती पहिल्यांदा झोपेबद्दल बोलली.