एकाच कंपनीबद्दल दोन टोकांचे अनुभव: खरं कोणाचं?

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका आंतरराष्ट्रीय रिसर्च अँड अ‍ॅडव्हायझरी कंपनीकडून ‘रिसर्च असोसिएट’ या पदाची ऑफर आली आहे. तिथे काम केलेल्यांचे अनुभव वाचले, तर एक म्हणतो शिकायला याहून चांगली जागा नाही. दुसरा म्हणतो नुसतं टार्गेट टार्गेट, जीव नकोसा झाला. बाबा म्हणतात, लोक इतकी नावं ठेवतात तर जाऊच नकोस. ऑफरमध्ये कामाचं वर्णन तीन ओळींत आहे: संशोधन गटाला साहाय्य, ग्राहकांशी संपर्क आणि ‘रेव्हेन्यूच्या उद्दिष्टांत सहभाग’. आठवड्याभरात उत्तर द्यायचं आहे. काय करू?

उत्तर : दोघंही खरंच सांगत असतील. फक्त ते एकाच छपराखाली दोन वेगळ्या नोकऱ्या करत होते, आणि अनुभव लिहिताना दोघांनीही कंपनीचं नाव लिहिलं, स्वतःच्या कामाचं नाही. म्हणून कंपनी चांगली की वाईट हा प्रश्न थोडा बाजूला ठेव. तुला नक्की कुठे बसवणार आहेत, ते आधी शोध.

या कंपन्या विकतात काय, ते बघितलं की निम्मा गोंधळ सुटतो. आयडीसी (1964), गार्टनर (1979), फॉरेस्टर (1983) ही या धंद्यातली जुनी नावं. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, कोणत्या तंत्रज्ञानाला अजून दोन वर्षं हात लावू नये, असे प्रश्न पडलेल्या मोठ्या संस्था त्यांच्या ग्राहक. ग्राहक वर्गणी भरतो. त्या वर्गणीत अहवाल वाचायला मिळतात आणि बऱ्याचदा ते लिहिणाऱ्या अ‍ॅनालिस्टशी फोनवर बोलताही येतं. मुदत संपली की वर्गणीचं नूतनीकरण होतं, किंवा होत नाही. कंपनीचा सगळा जीव या शेवटच्या वाक्यात अडकलेला असतो. म्हणूनच लिहिणाऱ्यांइतकीच, काही ठिकाणी त्यांच्याहून मोठी फौज विकणाऱ्यांची असते. गार्टनर तर विक्रीचा कोटा असलेल्या कर्मचाऱ्यांचा आकडा गुंतवणूकदारांना वेगळा काढून दाखवते. टार्गेट, अनोळखी ग्राहकांना कोल्ड कॉल, तिमाहीअखेरची धावपळ असं जे तू वाचलंस, ते बहुधा या बाजूच्या माणसांनी लिहिलेलं आहे.

विक्रीच्या बाजूचा दिवस असा जातो. हातात संस्थांची यादी असते. मोठ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचायचं, तर आधी त्याच्या कार्यालयातल्या तीन जणांना पटवावं लागतं. जुन्या ग्राहकाची मुदत संपायच्या कितीतरी आधीपासून तो सेवा वापरतोय का यावर नजर ठेवायची. चार महिन्यांत एकही अहवाल उघडलेला नसेल, तर तो हातचा जाणार हे ओळखायचं. पैसे चांगले मिळतात, पण त्यांचा मोठा हिस्सा इन्सेंटिव्हचा असतो. ज्याला बोलायला आवडतं आणि नकार अंगाला लावून न घेता पुढचा नंबर फिरवता येतो, तो इथे फुलतो. संख्याशास्त्र शिकून संशोधनाच्या आशेने आलेला माणूस मात्र पहिल्याच तिमाहीत कोमेजतो, आणि मग तसा अनुभव लिहितो.

संशोधनाच्या बाजूलाही निवांतपणा नाही. ताण वेगळ्या जातीचा असतो. ग्राहकाचा फोन साधारण अर्ध्या तासाचा. समोरचा म्हणतो, तीन कंपन्यांनी कोटेशन दिली आहेत, करारात पाच वर्षं बांधून घेतायत, सही करू का? त्याची पार्श्वभूमी सांगण्यात दहा मिनिटं जातात. उरलेल्या वीस मिनिटांत अ‍ॅनालिस्टला ठाम काहीतरी सांगावं लागतं, आणि लगेच पुढचा फोन असतो, अगदी वेगळ्या विषयावरचा. ‘दोन्ही बाजू आहेत’ हे उत्तर ऐकायला कोणी वर्गणी भरत नाही. फोनवर बसायला तुला अजून वेळ आहे. पण ज्या तक्त्याच्या जिवावर अ‍ॅनालिस्ट बोलतो, तो तक्ता तू केलेला असेल. सर्वेक्षणातल्या अर्धवट उत्तरांचं काय करायचं, एकाच संस्थेतून तिघांनी फॉर्म भरला तर तो एक धरायचा की तीन, हे पहिल्या वर्षात तुझ्याच टेबलावर येईल. तुझं शिक्षण इथे कामाला येतं.

मग येतो आढावा. मसुदा सहकाऱ्यांकडे जातो आणि लाल होऊन परत येतो. ‘मागणी वाढण्याची शक्यता आहे’ असं लिहिलंस तर कोणीतरी विचारणारच: किती, कधीपर्यंत, कशावरून? गार्टनरच्या जुन्या टिपणांमध्ये भाकितापुढे 0.7 किंवा 0.8 अशी संभाव्यता आकड्यात लिहिण्याची पद्धत होती. संस्थापक गिडियन गार्टनर तर टिपण एका कागदाच्या दोन बाजूंत मावलं पाहिजे, याबद्दल हट्टी होते. पाल्हाळ लावून प्रबंध लिहायची सवय झालेल्यांना हे जड जातं. काहींना त्यात अपमानही वाटतो. माझं मत विचारशील, तर चांगला आढावा हीच या नोकरीतली खरी कमाई आहे, आणि ‘शिकायला उत्तम जागा’ म्हणणाऱ्याला बहुतेक तसा आढावा घेणारा कोणी भेटला असणार.

आणखी एक दडपण असतं, त्याबद्दल अनुभवांत कमी लिहिलं जातं. तंत्रज्ञान विकणाऱ्या ज्या कंपन्यांची, म्हणजे विक्रेत्यांची, क्रमवारी लावायची, त्यातले कित्येक त्याच रिसर्च कंपनीचे ग्राहकही असतात. क्रमवारीत खाली गेलेला विक्रेता फोन करतो, तक्रार करतो, कधी कोर्टातही जातो. झेडएल टेक्नॉलॉजीज या सॉफ्टवेअर कंपनीने 2009 मध्ये ‘मॅजिक क्वाड्रंट’ या विक्रेत्यांच्या क्रमवारीच्या तक्त्यावरून गार्टनरवर अमेरिकेत दावा लावला होता, क्रमवारी हे कंपनीचं मत आहे असं धरून कोर्टाने तो फेटाळला. अशा वेळी वरिष्ठ अ‍ॅनालिस्टच्या पाठीशी उभे राहतात की आकडा जरा सांभाळून घ्यायला सांगतात, यावर त्या जागेची पत ठरते.

याच क्षेत्रात तिसराही एक प्रकार चालतो: नाव ‘रिसर्च’, काम दिवसभर तज्ज्ञांना शोधून त्यांची ग्राहकांशी गाठ घालून देण्याचं, किंवा ठरलेल्या साच्यात बाजारपेठेच्या आकाराचे अहवाल भरण्याचं. गाठ घालून देण्याच्या कामात माणसं जोडली जातात. साच्यातल्या अहवालांपासून लांब राहा. आकडा कुठून आला हे विचारायची जिथे सोय नाही, तिथे संख्याशास्त्रज्ञाने बसू नये.

आता अनुभव पुन्हा वाच, पण लिहिणाऱ्याचं पद आणि तारीख बघून. कंपन्या विकत घेतल्या जातात, विभाग मोडतात. गार्टनरने 2017 मध्ये सीईबी ही याच क्षेत्रातली कंपनी विकत घेतली, तेव्हा तिथल्या लोकांची कंपनी एका रात्रीत बदलली. नुकतंच प्रशिक्षण चालू असलेला माणूस सगळं गोड लिहितो, आणि राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिणारा सगळं कडू. एका वरिष्ठावरचा राग सोडून दे. पण वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विभागांतली माणसं एकच तक्रार करत असतील, उदाहरणार्थ पद संशोधनाचं सांगून नंतर विक्रीला बसवलं, तर ती गंभीरपणे घे. कोणी तीन-चार वर्षं टिकून मग बाहेर पडलेलं भेटलं तर त्याच्याशी बोल. असा माणूस सहसा दोन्ही बाजू सांगतो.

तुझ्या बाबतीत सगळं त्या तिसऱ्या ओळीवर अडलं आहे. ‘रेव्हेन्यूच्या उद्दिष्टांत सहभाग’ याचा अर्थ एचआरला ईमेलवर विचार, फोनवर नको. पहिल्या वर्षी माझं काम कशावरून मोजलं जाईल? माझ्या नावावर कोटा असेल का? माझा वरिष्ठ संशोधन विभागातला असेल की विक्रीतला? याआधी या जागेवर असलेली व्यक्ती आता कुठे आहे? एआय आल्यापासून नवख्यांकडचं संकलनाचं काम कमी होतंय, तेव्हा माझ्या वाट्याला नेमकं काय येईल, हेही विचारून घे. हे विचारलं म्हणून ऑफर मागे घेतली जाईल अशी भीती बाळगू नकोस. उलट अशा कंपनीत प्रश्न नेमका विचारता येणं हीच पात्रता समजतात.

उत्तरात कोटा नसेल आणि वरिष्ठ संशोधनातला असेल, तर मी म्हणेन जा, आणि निदान दोन वर्षं टिक. पहिले सहा महिने फक्त लाल खुणा पचवण्यात जातात. कोटा असेल, तर ती विक्रीची नोकरी आहे असं समजून निर्णय घे. ती वाईट नाही, पण तुला ती हवी आहे का, हे तुझ्या पत्रातून मला दिसत नाही. उत्तर गोलमाल आलं, तर थेट होणाऱ्या वरिष्ठाशी पंधरा मिनिटं बोलायला माग.

बाबांना तो ईमेल आणि त्याचं उत्तर, दोन्ही दाखव. त्यांची हरकत नोकरीला नसून ऐकीव माहितीवर उडी मारण्याला असावी, असं मला वाटतं. आठवड्यात एचआरचं उत्तर आलं नाही, तर चार दिवसांची मुदत लेखी वाढवून माग. ती सहसा मिळते. आणि सही करण्याआधी नोटीस पीरियड आणि नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याचं कलम, या दोन गोष्टी शेवटच्या पानापर्यंत जाऊन वाच.