बॅगवर राग काढायला लावू नका

तुमचा मुलगा कबड्डीत कोपरारक्षक म्हणून खेळतो, एक पकड फसली की पुढच्या चढाईला बेभान होऊन घुसतो, एकाच स्पर्धेत दोनदा पिवळं कार्ड मिळालं आणि कोच म्हणतात, "घरी पंचिंग बॅग टांगा, राग निघून जाईल." बॅग टांगू नका. बाकीचं नाही पटलं तरी चालेल, एवढं ऐका.

हा सल्ला सर्रास दिला जातो. एका प्रशिक्षण केंद्रानं आमच्याकडेही तोच चालवला, त्यात अख्खा हंगाम गेला आणि विचारायला गेलं की "पोरात आग हवीच" एवढंच उत्तर. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हे प्रयोगात तपासलंय. चिडवणाऱ्याला आठवत बॅगवर ठोसे मारणारे विद्यार्थी सगळ्यांत जास्त संतापलेले राहिले. नुसते शांत बसलेले त्यांच्यापेक्षा निवळले. ठोशांनी छातीची धडधड चढीच राहते आणि डोक्यात तोच माणूस घोळत राहतो, मग राग उतरणार कसा?

जोरदार डॅश (म्हणजे चढाईपटूला धडक देऊन बाहेर ढकलणं), घट्ट मांडीपकड हा आक्रमक खेळच आहे, तो हवाच. शिट्टीनंतर मारलेलं कोपर वेगळं. तिथे गुण मिळवायचा नसतो, दुखवायचं असतं.

आता कोपऱ्यात नेमकं काय बिघडतं ते बघा. चिडलेल्या पोराची नजर चढाईपटूच्या तोंडावर जाते. घोटा धरायचा तर ती पायावर हवी. पुढच्या पायावर वजन आलं की हात घालायचा. तोंडाकडे बघणारा त्याआधीच झेपावतो, शेजाऱ्याशी हात धरून केलेली साखळी सुटते, चढाईपटू हात लावून परततो. गुण गेला की राग आणखी चढतो, आणि मग कार्ड. दोन मिनिटं तो बाहेर आणि संघ एका खेळाडूनं कमी.

आधी व्हिडिओ काढा आणि प्रत्येक कार्डाच्या अगोदरच्या दोन-तीन चढाया बघा: टोमणा होता, पंचाचा निर्णय होता, की स्वतःचीच फसलेली पकड? बहुतेकदा एकच कारण परत परत दिसतं. मग आपला चढाईपटू पलीकडे गेला की जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, ती वापरायची. चार आकडे श्वास आत, सहा ते आठ आकडे बाहेर, असं दोनदा. मग मनात एकच शब्द, "पाय". शेजारच्या खेळाडूनंही हात धरताना तोच म्हणावा. "शांत हो" अजिबात नको, त्यानं पोरं जास्त भडकतात.

हे घरी सोफ्यावर शिकून सामन्यात आठवणार नाही. सरावात मुद्दाम चुकीचा निर्णय द्या, धाप लागलेली असताना श्वास घ्यायला लावा आणि लगेच पुढची चढाई सोडा. काही आठवडे तरी जातील.

आणखी एक, कुमार गटाच्या वजनमर्यादेत बसण्यासाठी तो उपाशी राहतो का, पाणी तोडतो का? तसं असेल तर चिडचिड होणारच, आधी ते थांबवा. बाहेरून "सोडू नको त्याला" ओरडणाऱ्या काकांनाही आवरा.

मी डॉक्टर नाही. शाळेत-घरीही हात उचलत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. डॅशमध्ये डोकं आपटल्यानंतर चिडचिड सुरू झाली असेल, तर मात्र सराव बंद करून आजच डॉक्टरकडे न्या.