गुण चौदावरून आठवर आले, म्हणजे मी खोटी उत्तरे दिली का?

विद्यापीठात मनःस्थितीविषयीच्या एखाद्या प्रश्नावलीची विश्वसनीयता तपासली जात असली, की त्यानंतर माझ्याकडे एक ठरावीक शंका घेऊन विद्यार्थी येऊ लागतात. एकच प्रश्नावली त्यांनी काही दिवसांच्या अंतराने दोनदा भरलेली असते, दोन्ही वेळचे गुण वेगळे आलेले असतात आणि त्यावरून कोणी स्वतःला ढोंगी ठरवतो, तर कोणी प्रश्नावलीला कुचकामी. यांपैकी एका पदव्युत्तर विद्यार्थिनीची हकिकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे सांगते.

तिने भरलेली प्रश्नावली होती नैराश्याची लक्षणे मोजणारी पीएचक्यू-९. मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून अधिक गुण आल्यास पुढे तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत. तिची बेरीज पहिल्या वेळी चौदा आणि दोन आठवड्यांनी आठ आली होती.

“मॅडम, पहिल्या वेळी मी वाढवून लिहिले असणार. खरे नैराश्य असे पटकन उतरते का?”

“पहिल्यांदा भरलीस तेव्हा काय चालू होते?”

“परीक्षा. दुसऱ्या वेळी ती संपली होती.”

“मग दुसऱ्या वेळीही चौदाच यायला हवे होते का?”

ती गप्प झाली, पण तिचे समाधान झाले नव्हते. “संशोधन करणारे सर म्हणाले, प्रश्नावलीची विश्वसनीयता उत्तम आली आहे. मग डळमळीत मीच ठरले ना?”

हा गैरसमज फार जणांचा असतो. विश्वसनीयता सांगण्यासाठी वापरला जाणारा, मानसशास्त्रज्ञ क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा हा गुणांक एकाच वेळी दिलेली उत्तरे परस्परांशी कितपत जुळतात एवढेच सांगतो. उद्या काय होईल याविषयी तो काहीही बोलत नाही. पुनर्चाचणीत, म्हणजे तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतल्यावर, दोन्ही वेळच्या गुणांमध्ये काढला जाणारा सहसंबंधही प्रामुख्याने गटातील क्रम टिकला का, हे पाहतो, त्यामुळे परीक्षा संपल्यावर साऱ्या वर्गाचे गुण सारखेच उतरले तरी तो उत्तमच येतो. शिवाय प्रत्येक मापनात थोडी त्रुटी असतेच, म्हणून एक-दोन गुणांच्या फरकाला अर्थ चिकटवू नये; मात्र या प्रश्नावलीत पाच गुणांचा बदल दखलपात्र मानतात आणि तिचा बदल सहाचा होता. तो तिच्या लबाडीचा नव्हता आणि प्रश्नावलीच्या दोषाचाही नव्हता. बहुधा तिला खरोखरच बरे वाटू लागले होते.

एवढे समजावून मी थांबले असते, तर ती हलक्या मनाने गेली असती आणि महत्त्वाची गोष्ट तशीच राहिली असती. माझा कल माणूस स्वतःविषयी काय मानतो हे शोधण्याकडे आहे, त्यामुळे बेरजेपेक्षा एकेका उत्तरात मला नेहमीच अधिक रस वाटतो. पुढच्या भेटीत मी तिला दोन्ही प्रती शेजारी ठेवून फक्त बदललेल्या उत्तरांवर खूण करायला सांगितले. झोप तीनवरून एकवर, थकवा दोनवरून एकवर, भूक दोनवरून शून्यावर, एकाग्रता दोनवरून एकवर. सहाही गुण तेथेच उतरले होते.

“आता न बदललेले सर्वांत मोठे उत्तर कोणते?”

तिचे बोट सहाव्या प्रश्नावर थांबले: आपण अपयशी आहोत, आपल्यामुळे घरच्यांची निराशा झाली, असे वाटणे. दोन्ही वेळा तीन. बराच वेळ ती त्या ओळीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “हे मला लक्षण वाटलेच नाही. ते तर खरेच आहे, असे समजून मी लिहिले.”

मला हवे होते ते वाक्य हेच. परीक्षेचा ताण शरीरावरून ओसरला होता, पण अपयशाची समजूत निकालाची वाटही न पाहता जागच्या जागी बसली होती. तिच्या खोटेपणाच्या शंकेचे मूळही त्याच समजुतीत होते, कारण स्वतःला दोषी धरणारे मन गुण वाढले तरी दोष शोधते आणि उतरले तरी शोधते. पुढील सर्व भेटी आम्ही त्या एका उत्तरासाठी दिल्या. त्यात ‘घरचे निराश झाले’ याचा पुरावा कोणता, असे विचारल्यावर तिला घरच्यांचे एकही वाक्य आठवेना. काही महिन्यांनी तिने प्रश्नावली पुन्हा भरली, तेव्हा बेरीज फारशी हलली नव्हती. सहाव्या प्रश्नापुढे मात्र एक होता.

ज्यांना अशीच शंका आहे त्यांनी दोन्ही वेळी आयुष्यात काय चालू होते ते गुणांशेजारी लिहावे, आणि काय उतरले याइतकेच काय उतरले नाही तेही पाहावे. गुण कमी आले म्हणून मदत घेणे टाळू नये, कारण प्रश्नावली निदान करीत नाही. ते प्रत्यक्ष मुलाखतीतूनच होते. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कोणतेही उत्तर असेल, तर एकूण बेरीज कितीही लहान असली तरी त्याच दिवशी समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलावे.