नववीतल्या मुलाला दिवाळीत आकाशकंदील विकू द्यावेत का?

जरूर विकू द्या, ताई. स्वतः केलेले कंदील विकायला बालकामगार कायदा आड येत नाही. अडचण येते ती करारात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाचा करार ग्राह्य धरत नाहीत, म्हणून मोठी ऑर्डर किंवा स्टॉलची जागा घ्यायची तर तुमच्या नावावर घ्या. दहा वर्षांपुढच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. विक्रीचे पैसे त्यातच जाऊ द्यात.

माझा खरा जीव हिशेबाच्या वहीत आहे. कामट्या, घोटीव कागद, खळ, दोरा, फाटून वाया गेलेला कागद, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायला हवं. एका कंदिलाला किती वेळ लागला तेही. पोरं नेमकं तेच विसरतात आणि कागदाच्या भावात माल देऊन बसतात. गल्लीतल्या ओळखीच्यांना उधार तर अजिबात नको!

सहामाही परीक्षा दिवाळीच्या तोंडावरच येते, तेव्हा सांगाडे गणपतीच्या सुट्टीतच बांधून ठेवू देत. पहिल्या वर्षी वीस-पंचवीस कंदील पुष्कळ झाले. महाद्वार रोडच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा आधी आपल्या पेठेत, नातेवाइकांत विकू दे.